स्फटिकातलं चौघांचं बिऱ्हाड

"अगं, ह्याला पिल्लू झालंय," सँड्रा म्हणाली.

मी खुर्ची ओढून तिच्या स्क्रीनसमोर बसले. स्क्रीनवर निळ्या जाळीचं एक चित्र होतं. जाळीच्या मधोमध एक मोठा गोळा हवा होता. तो होता. पण त्याला चिकटून अजून एक गोळा होता, आणि तो तिथे असायचं काही कारणच नव्हतं.

"एक कुठे, मला दोन दिसतायत," मी म्हटलं. "चित्र फिरव. मागे बघ."

तिने माउस फिरवला. मागच्या बाजूला खरंच अजून एक फुगवटा होता. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि हसायलाच लागलो. शाळेत मागच्या बाकावर बसून हसू यायचं ना, तसं. आवरेचना. शेजारच्या खोलीतून साठे सरांनी खोकून दाखवलं, तरी आवरेना.

मी प्रोटीन क्रिस्टलोग्राफर आहे. लग्नाकार्यात हे सांगितलं की लोक लगेच "बरं, जेवलात का?" असं विचारतात. म्हणून इथे नीट सांगते.

मीठ-साखरेचे खडे होतात तसे प्रोटीनचेही होतात, फक्त फार नखरे करून. या खड्यांना स्फटिक म्हणायचं. आम्ही वापरतो ते प्रोटीन कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या बलकातलं. त्याचं नाव लायसोझाइम. पावडर बाटलीत विकत मिळते, तरी आमच्या घरी कुणाला ते पटत नाही. आई मूळची मालवणची. ती अजून विचारते, "इतक्या शिकलंस नि शेवटी अंडीच फोडतंस मां गो?"

स्फटिकात प्रोटीनचे रेणू एकावर एक, रांगेत बसलेले असतात. पण मध्ये मध्ये पाण्याच्या बोळी असतात. त्या बोळींतून एखादा पदार्थ आत सोडता येतो. स्फटिक त्या पदार्थाच्या पाण्यात भिजत ठेवायचा, बस. याला सोकिंग म्हणतात. मग त्या स्फटिकावर एक्स-रे मारायचे. ते आतल्या अणूंवरून विखुरतात आणि समोर ठिपके उमटतात. त्या ठिपक्यांवरून कॉम्प्युटर गणित करून सांगतो की आत कुठे काय बसलंय. अणू जेवढा जड, तेवढा चित्रातला गोळा मोठा.

आमचा जड अणू म्हणजे रेनियम नावाचा धातू. हॉस्पिटलशी त्याचं नातं जरा लांबचं आहे. हाडांचा किंवा हृदयाचा न्यूक्लिअर स्कॅन करतात तेव्हा पेशंटला एक इंजेक्शन देतात. बहुतेक वेळा त्यात टेक्निशियम हा किरणोत्सारी धातू असतो. तो शरीरात जिथे जाऊन बसतो तिथून किरणं बाहेर येतात आणि कॅमेरा ती टिपतो. साध्या एक्स-रेमध्ये किरणं बाहेरून आत जातात, इथे आतून बाहेर येतात. स्कॅनसाठी वापरतात तो टेक्निशियम दर सहा तासांनी निम्मा होत जातो. पेशंटसाठी हे छानच. आमच्यासाठी मात्र वैताग, कारण आमचे प्रयोग आठवडेच्या आठवडे चालतात. म्हणून आम्ही आवर्त सारणीत त्याच्या बरोबर खालच्या घरात राहणारा रेनियम घेतो. स्वभाव जवळजवळ तोच, पण साधा रेनियम किरणं टाकण्याच्या भानगडीत पडत नाही म्हटलं तरी चालेल. तालमी रेनियमबरोबर करायच्या, नाटक टेक्निशियमबरोबर.

आमची लॅब अंधेरी पूर्वेला, एमआयडीसीतल्या एका जुन्या गाळ्याच्या पहिल्या मजल्यावर. खाली बेल्टची बकलं बनवणारा कारखाना. माणसं मोजकी. साठे सर बॉस. ते मूळचे पुण्याचे, बोलणं मोजून-मापून. सँड्रा मढची. तिच्या वडिलांची स्वतःची मच्छीमारीची बोट आहे. आणि मी, रेश्मा सावंत, कांजूरमार्गची.

प्रोजेक्ट घाटकोपरच्या एका हॉस्पिटलसाठी होता. तिथल्या न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टर, मेहता मॅडम, यांनी एक सरळ प्रश्न विचारला होता. आमचा धातूचा पदार्थ प्रोटीनला नक्की कुठे अडकतो, आणि अडकल्यावर तसाच राहतो का? आमचं उत्तर तयार होतं. पदार्थात एकच धातू, तो प्रोटीनच्या एकाच ठरावीक हुकाला अडकतो, घट्ट. सोमवारी मॅडम लॅबमध्ये येणार, आम्ही चित्रं दाखवणार, त्या पुढच्या टप्प्याला हो म्हणणार. सगळं झकास.

मधल्या काळात एवढंच झालं होतं की आमच्या एक्स-रे मशीनचा चिलर गेला होता. चिलर म्हणजे मशीनला थंड ठेवणारं यंत्र. त्याचा पार्ट परदेशातून यायचा होता. तो आला तोवर गणपती झाले, नवरात्र झालं, दिवाळीचा फराळसुद्धा संपला. सोक करून ठेवलेला एक ट्रे तेवढा काळ शेल्फवर पडून होता. त्यातले बहुतेक स्फटिक विरघळून गेले. काही एक्स-रेसाठी गोठवायला गेलो तर तडकले. शेवटी दोन धड राहिले. त्यातला एक आम्ही मशीन नीट चालतंय का हे बघायला म्हणून लावला, आणि त्याला पिल्लू झालेलं निघालं.

सर आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी स्क्रीन बघितली.

"हा कचरा आहे," ते म्हणाले.

"सर, कचरा असा व्यवस्थित जागा धरून बसतो?"

"मुंबईत बसतो. कांजूरच्या डंपिंग ग्राउंडजवळ राहता ना तुम्ही? तुम्हाला मी सांगायला नको."

सँड्राने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

"बाटलीतलाच पदार्थ अशुद्ध असेल," सर पुढे म्हणाले. "आधीपासूनच दोन-तीन धातू एकत्र चिकटलेले असतील. ते आत गेले आणि बसले."

याचं उत्तर माझ्याकडे होतं. "सर, त्याच बाटलीतून, त्याच दिवशी सोक केलेला दुसरा स्फटिक आपण चिलर जायच्या आधी एक्स-रेखाली घेतला होता. त्यात एकच धातू आहे. स्वच्छ. म्हणजे जे काही झालंय ते नंतर झालंय. स्फटिकाच्या आत."

सरांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला. खाली बकलांचा प्रेस धडाधड सुरू झाला, टेबलावरचा चहाचा कप थरथरला.

"हे खरं असेल तर त्याचा अर्थ काय, लक्षात येतंय का?" ते हळू आवाजात म्हणाले. "सोमवारी आपण मॅडमना सांगणार आहोत की आपला पदार्थ जिथे बसवला तिथे तसाच राहतो. आणि तुम्ही म्हणताय की आपली पाठ वळल्यावर तो दुसरंच काहीतरी होऊन बसतो. असा पदार्थ औषधात कोण घालेल?"

आमचं हसू एका क्षणात पळालं. हे डोक्यात आलंच नव्हतं. शोध खरा ठरला तर प्रोजेक्टची वाट लागणार होती. आणि आम्ही तर तो खरा ठरावा म्हणून उड्या मारत होतो.

"मग सांगायचं नाही का, सर?" सँड्राने विचारलं.

सरांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने त्यांच्या घरी बसून त्यांनाच चोरीचा बेत सांगितला. "सांगायचं म्हणजे सांगायचंच. पण आधी ते खरं आहे का ते बघायचं. एका स्फटिकावर मी विश्वास ठेवत नाही. आणि आपल्या मशीनवर तर नाहीच. खालचा प्रेस चालू झाला की तुमचं पिल्लू नाचायला लागतं."

घाटकोपरला एका औषध कंपनीत आमच्यापेक्षा कितीतरी चांगलं मशीन होतं. ते सांभाळणारा मुरली माझ्या कॉलेजातला. त्याला फोन केला. तो म्हणाला, "आज दुपारी स्लॉट रिकामा आहे. कल से फुल है. येतेस तर आत्ता निघ."

आता अडचण स्फटिक न्यायची होती.

आमचा ट्रे बर्फाच्या ट्रेसारखा दिसतो. प्रत्येक खळग्यात तळाशी खारट पाणी असतं आणि वर काचेचं गोल झाकण. त्या झाकणाच्या खालच्या बाजूला एक थेंब उलटा लटकत असतो. स्फटिक त्या थेंबात. एक जोरदार धक्का बसला की थेंब खालच्या पाण्यात पडणार आणि स्फटिक गेला. उरलेला एकुलता एक.

"गाडी बोलवू का?" मी विचारलं.

"साकीनाक्याचे खड्डे बघितलेस का तू?" सँड्रा म्हणाली. "घाटकोपरला पोचेपर्यंत आपलेच स्फटिक होतील. मेट्रोने जाऊ या."

तिने ट्रे एका स्टीलच्या डब्यात ठेवला, बाजूने कापूस लावला आणि डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला. मी तिची पर्स, माझी पर्स आणि लॅपटॉप घेतला. मरोळ स्टेशनचा जिना आम्ही इतक्या सावकाश चढलो की एक आजोबा आम्हाला मागे टाकून पुढे गेले आणि वर पोचल्यावर काळजीने वळून बघू लागले.

वर सिक्युरिटी. तिथल्या बाई म्हणाल्या, "मॅडम, डबा बेल्टवर ठेवा."

सँड्राचा चेहरा पडला. तो बेल्ट रोलरवरून खडखडत जातो आणि शेवटी सामान धाडकन उतारावरून खाली येतं.

"ताई, हा बेल्टवर नको. आत एक थेंब उलटा लटकलाय."

"काय लटकलंय?"

"थेंब."

बाईंनी आमच्या दोघींकडे नीट बघून घेतलं. "कसला थेंब?"

"अंड्यातलं प्रोटीन आहे," मी मध्ये पडले. "त्यात धातू आहे. आम्ही घाटकोपरला त्याचा एक्स-रे काढायला चाललोय."

"मग इथेच काढते की. हे पण एक्स-रेचंच मशीन आहे."

यावर सँड्रा जी हसायला लागली ती हलायलाच लागली, आणि तिच्याबरोबर डबाही. "हसू नकोस!" मी ओरडले. "थेंब पडेल!" त्याने ती अजूनच हसली. मागे रांग वाढत होती. शेवटी बाईंनीच डबा उघडायला लावला. मी मोबाईलचा टॉर्च मारला. झाकणाखाली, थेंबाच्या मधोमध, तो चमकला. साबुदाण्याच्या दाण्याच्याही पाव असेल, पण कडा अगदी धारदार.

"अगो बाई," त्या म्हणाल्या. "हिऱ्यासारखा आहे की. कशासाठी पण?"

"स्कॅनिंगची औषधं असतात ना, हॉस्पिटलमध्ये, त्यासाठी. झालं तर पुढे कधीतरी उपयोग होईल."

"माझ्या सासूबाईंचा हाडांचा स्कॅन झाला मागे. तसलंच का?"

"तसलंच."

त्यांनी डबा स्वतःच्या हातांनी आडवा धरून तपासला, हातातलं डिटेक्टर भोवती फिरवलं, आणि बेल्टच्या बाजूने चालत येऊन तो सँड्राच्या हातात दिला. मागच्या रांगेला दटावलं, "थांबा हो जरा, नाजूक सामान आहे."

मेट्रोत सँड्राने डबा मांडीवर घेतला. ब्रेक लागला की ती कंबरेतून वाकायची, डबा सपाटच ठेवायची. बोटीवर वाढलेल्या माणसाला हे जमतं, असं तिचं म्हणणं. घाटकोपरला उतरल्यावर मी पुढे, ती मागे. मी "साइड! साइड प्लीज!" असं ओरडत गर्दी कापत होते. ती रुखवताचं ताट घेऊन निघाल्यासारखी ताठ चालत होती. आम्हाला बघून एका भाजीवाल्याने आपली टोपली मागे ओढून घेतली.

मुरलीच्या लॅबमध्ये शिरताच एसीची थंड हवा अंगावर आली. त्याने मायक्रोस्कोप तयार ठेवला होता. मी श्वास रोखून झाकण उचललं आणि उलटं केलं.

थेंब जागेवर होता. स्फटिकही.

"अभी असली काम," मुरली म्हणाला.

असली काम म्हणजे स्फटिक थेंबातून उचलणं. यासाठी एक बारीक नायलॉनचा फास असतो, केसाहून बारीक धाग्याचा, सुईच्या टोकावर बसवलेला. मायक्रोस्कोपमधून बघत तो फास थेंबात घालायचा, स्फटिकाच्या खालून न्यायचा आणि हळूच वर काढायचा. स्फटिक जेलीसारखा मऊ असतो. कड लागली की तुटतो.

"तू कर," मी सँड्राला म्हटलं. फासाची सुई तिच्या हातात दिली.

तिने हात जीन्सला पुसले. "मांदेलीसारखी बारीक मासळी साफ करतो ना आम्ही, त्यातलाच प्रकार," ती म्हणाली आणि वाकली.

पहिल्यांदा फास खाली गेला आणि स्फटिक बाजूला सरकला. दुसऱ्यांदा तो फासात आला, वर यायला लागला आणि पाण्याच्या कडेला येऊन घसरला. थेंब हवेत सुकत चालला होता. थेंबाच्या कडेने मिठाचे पांढरे कण दिसायला लागले. स्फटिक काचेच्या तळाशी जाऊन चिकटला.

"गेला," मी म्हटलं.

"गप गं!"

मुरलीने ड्रॉपरने तेच खारट पाणी थेंबावर सोडलं. सँड्राने फासाच्या कडेने स्फटिकाच्या बाजूचं पाणी नुसतं ढवळलं, त्याला हात न लावता. एकदा, परत एकदा. स्फटिक तळापासून सुटला आणि गिरकी घेऊन सरळ फासात आला. तिने फास वर उचलला. मुरलीने लगेच त्यावर प्लॅस्टिकची बारीक नळी चढवली, आतली ओल टिकावी म्हणून, आणि तो मशीनवर बसवला.

मग सँड्राने इतका मोठा सुस्कारा सोडला की मुरली म्हणाला, "स्फटिक उडेल ना यार."

पहिले ठिपके आले ते बघून आमचा जीव भांड्यात पडला. स्वच्छ, लांबपर्यंत पसरलेले ठिपके. म्हाताऱ्या स्फटिकाने लाज राखली. पूर्ण डेटा यायला अख्खी दुपार लागणार होती. आम्ही खाली जाऊन डोसा मागवला आणि दोघींनीही तो निम्मा टाकला. सँड्रा म्हणाली, "खरा निघाला तर सोमवारी प्रोजेक्ट जाईल." मी म्हटलं, "आणि खोटा निघाला तर?" ती म्हणाली, "तर मी आजच रडेन." थोडा वेळ आम्ही गंभीर झालो. मग तिला "इथेच काढते की एक्स-रे" आठवलं आणि आम्ही परत सुरू.

संध्याकाळ व्हायच्या आत मुरलीचा फोन आला. "वर या. मी अजून बघितलं नाही. तुम्ही या, मग बघू."

जड धातू ओळखायची एक खास युक्ती असते. एक्स-रे पडले की जड धातू ते जरा वेगळ्या पद्धतीने परत फेकतात. कार्बन, ऑक्सिजन असं करत नाहीत म्हटलं तरी चालेल. तेवढाच फरक वेगळा काढून एक दुसरं चित्र बनवता येतं. त्यात प्रोटीन जवळजवळ दिसतच नाही. फक्त धातू दिसतात, काळोखात दिवे लावल्यासारखे. कचरा असेल तर तो या चित्रात कुठल्या कुठे जातो.

मुरलीने एंटर मारला. स्क्रीनवर चित्र उमटलं.

मोठा गोळा फुटून त्याचे वेगवेगळे गोळे झाले होते. सुटे, गोल, लख्ख.

"एक," सँड्रा मोजायला लागली, बोट स्क्रीनला लावून. "दोन. तीन." मुरलीने चित्र फिरवलं. "चार! रेश्मा, चार! चौघं आहेत गं! बिऱ्हाडच आहे!"

चार रेनियम होते. एका ठोकळ्याचा एक-एक कोपरा सोडून बसलेले, सगळे एकमेकांपासून सारख्या अंतरावर. उरलेल्या कोपऱ्यांवर बारीक उंचवटे, ते ऑक्सिजनचे. आत एकेकटा गेलेला धातू, त्याने कुणाला न सांगता आणखी तिघांना गाठलं होतं आणि चौघांनी मिळून एक नीटनेटका ठोकळा बांधला होता. अंड्याच्या प्रोटीनच्या आत. आमच्या शेल्फवर, आम्ही चिलरच्या नावाने बोटं मोडत असताना.

मी काय केलं ते मला आठवत नाही. सँड्रा सांगते की मी मुरलीचा हात धरून त्याला गोल फिरवलं. मुरली कमी बोलणारा माणूस. त्याने शिट्टी मारली, एकदम थिएटरात मारतात तशी. बाहेरून त्याच्या मॅनेजर डोकावून गेल्या. "सॉरी मॅम," तो म्हणाला, "डेटा अच्छा आया."

सरांना फोन लावला. स्पीकरवर टाकला.

"सर, कचरा नाहीये."

"हं. किती?"

"चार."

फोनमधून आमच्या लॅबखालच्या प्रेसची धडधड तेवढी ऐकू आली.

"चार?"

"चार, सर. ठोकळ्यात. मध्ये ऑक्सिजन."

मग एक विचित्र आवाज आला. सर हसत होते. मी आठ वर्षं त्यांच्याकडे आहे, तो आवाज ओळखायला मला वेळ लागला.

"वा," ते म्हणाले. "वा, वा, वा. या परत. आणि सोमवारी काय होईल त्याचा आज विचार करू नका. मीही करत नाही."

सोमवारी मेहता मॅडम आल्या. बुटक्या, चपळ, बोलायला तिखट. घाटकोपरलाच जन्मलेल्या, मराठी आमच्यापेक्षा फास्ट. सरांनी त्यांना चहा विचारायच्या आधीच वाईट बातमी सांगितली. त्यांची पद्धतच तशी.

"मॅडम, आम्ही तुम्हाला एक उत्तर देणार होतो, ते अपुरं निघालं. आमचा पदार्थ तसाच राहत नाही. बदलतो."

मी चित्रं दाखवली. आधी एक धातू, मग चार. मॅडमनी पेन खाली ठेवलं. सँड्रा टेबलाखाली माझा हात दाबत होती.

"हा बदल व्हायला किती वेळ लागला?" मॅडमनी विचारलं.

"नक्की सांगता येत नाही," सर म्हणाले. "पहिल्या दिवशी झालेला नव्हता. काही महिन्यांनी बघितलं तेव्हा झालेला होता."

"महिने?"

"महिने."

मॅडम खुर्चीला टेकल्या आणि त्यांनी आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघितलं. "साठे साहेब, मी पेशंटला सकाळी इंजेक्शन देते. दुपारी तो घरी जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा टेक्निशियम नावापुरता उरलेला असतो. तुमच्या या बिऱ्हाडाला जमायला महिने लागतात. माझा पेशंट तोवर लग्न करून हनिमूनहून परत आलेला असेल!"

सरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"तुम्ही इतका वेळ चेहरे पाडून का बसलाय?" मॅडम म्हणाल्या. "स्कॅनच्या वेळेपुरता तो एकटा आणि घट्ट राहतो, हेच मला हवं होतं. पहिल्या दिवशीचं चित्र द्या. पुढच्या टप्प्याला माझं हो आहे. आधी हेच टेक्निशियमबरोबर करून बघा, एवढंच."

सँड्राने माझा हात इतक्या जोरात दाबला की बोटं सुन्न झाली. पण मॅडमचं संपलं नव्हतं. त्यांनी चौघांचं चित्र स्वतःकडे ओढलं होतं.

"आणि हे मला वेगळं हवंय. सीटी स्कॅनला आम्ही आयोडीन देतो, माहितीये ना? ते जड असतं, एक्स-रे अडवतं, म्हणून रक्तवाहिन्या ठळक दिसतात. काही पेशंटना ते सोसत नाही. तुमचा हा धातू आयोडीनपेक्षा जड, आणि चार-चार एका जागी. किरणोत्साराची घाई नाही. इथे उलट मला टिकाऊच हवं. शरीराला चालेल का, विषारी आहे का, काहीच माहीत नाही. चालला तरी पेशंटपर्यंत जायला वर्षं लागतील. पण विचार करण्यासारखं आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "फक्त मी पेशंटच्या शिरेत स्फटिक घालणार नाही. प्रोटीनच्या बाहेर हे चार बनवून दाखवा."

तेव्हापासून आम्ही तेच करतोय. काचेच्या भांड्यात तेच चार जण एकत्र आणायचा प्रयत्न करतो. आत्तापर्यंत एकदा तपकिरी गाळ मिळाला, एकदा जरा फिकट तपकिरी गाळ मिळाला, आणि एकदा भांडंच तडकलं. स्फटिकात मात्र ते पुन्हा दोन ट्रेमध्ये झाले, कुणी न सांगता. प्रोटीनच्या बोळीत त्यांना काय मिळतं जे भांड्यात मिळत नाही, ते अजून कळलेलं नाही. सँड्रा रोज सकाळी येऊन गाळाला नावं ठेवते आणि नवीन प्रयोग लावते. पहिला प्रोजेक्ट रुळावर आहे, त्याची टेक्निशियमची तयारी दुसऱ्या टीमकडे गेली.

यातून मी शिकले ते एवढंच. एखादा पदार्थ बदलतो असं कुणी सांगितलं तर लगेच कपाळाला हात लावू नये. आधी विचारावं, किती वेळात? आणि मग, ज्याला तो वापरायचाय त्याच्या हातात वेळ किती आहे? हा दुसरा प्रश्न केमिस्टना सुचत नाही. त्यासाठी डॉक्टरांना बोलवावं, आणि निदान चहा तरी आधी विचारावा.